तैलरंगातलं निसर्गचित्र मळतं कशाने?

नागपूरच्या फुटाळा तलावाचं ते चित्र माझं सातवं. पहिल्या तासात सगळं बरं चाललं होतं. पाणी पाण्यासारखं, पलीकडची झाडी झाडीसारखी, आभाळात मावळतीचा पिवळट गुलाबी पट्टा. दुसऱ्या तासात ‘जरा नीट करू’ म्हणत हात फिरवत बसलो. घरी आल्यावर लेकीने एक नजर टाकली आणि विचारलं, “बाबा, हा तलाव आहे की टपरीवरचा चहा?”

खोटं बोलत नव्हती. आधीची सहा चित्रं काढून भिंतीला ओळीने टेकवली, तर सगळी त्याच रंगाची. रामटेकची टेकडी असो, सेमिनरी हिल्सचा उतार असो की काटोलकडची संत्र्याची बाग, शेवटी चहाच.

कॉलेजात असताना मी तैलरंगात बऱ्यापैकी निसर्गचित्रं करायचो. मग नोकरी, बदल्या, घराचे हप्ते. रंगांची पेटी बावीस वर्षं माळ्यावर होती. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत बायकोने ती खाली काढली आणि “ठेवायची की भंगारात?” एवढंच विचारलं. ठेवली. रेखाटन महिन्याभरात हातात परत आलं, रंग काही परत येईना. मग सगळे करतात तेच मीही केलं, सामानाला दोष दिला. नव्या ट्यूब आणल्या, चांगले ब्रश आणले, सीताबर्डीच्या तीन चकरा झाल्या. चहा तसाच राहिला, फक्त महाग झाला.

आमच्या गल्लीत एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर राहतात. त्यांच्यापुढे सातही चित्रं मांडली. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि विचारलं, “मळलं कधी? काढताना मळलं की वाळल्यावर?” मला सांगता येईना. “मग औषध काय देऊ बाप्पा? ताप आला म्हणून कोणी थेट सलाइन लावतं का? आधी ताप कशाचा ते बघतात ना?”

त्या एका प्रश्नाने माझी गाडी रुळावर आली. ‘मळकट’ या एका शब्दाखाली मी तीन वेगवेगळ्या तक्रारी कोंबल्या होत्या. वाळल्यावर रंग मरणं ही एक, ओलं असतानाच गढूळ होणं ही दुसरी, आणि सगळं खडू फासल्यासारखं फिकट दिसणं ही तिसरी. कारणं निराळी, उपाय निराळे. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की दुखणं वाढतं, हे मी तीन कॅनव्हास वाया घालवून शिकलो.

आधी बोटभर तेलाची परीक्षा

सगळ्यात सोपं आधी. चित्र हाताला कोरडं लागायला लागलं की मळकट वाटणाऱ्या जागेवर शुद्ध केलेल्या जवसाच्या तेलाचा एक थेंब बोटाने अगदी पातळ चोळा. रंग ओला असताना होता तसा जिवंत झाला, तर तुमचं मिश्रण चुकलेलं नाही. फक्त वरचं तेल खालच्या थराने पिऊन टाकलं आहे. रंगाचे कण उघडे पडले की पृष्ठभाग खरखरीत होतो, उजेड विखुरतो आणि गडद रंग राखाडी दिसतात. पावसाने भिजलेली फरशी आणि कोरडी फरशी यांत असतो तेवढाच हा फरक. गडद तपकिरी, काळा आणि निळा यांच्यात तो जास्त दिसतो, म्हणून झाडांच्या सावल्या आधी मरतात.

माझ्या सातपैकी तीन चित्रांत दुखणं एवढंच होतं. आणि मी काय केलं होतं? सावल्या मेल्या म्हणून त्यांवर पुन्हा रंग चढवला. तो मागच्यापेक्षा गडद, तोही वाळून मेला, मग आणखी एक थर. झाडाखाली डांबर ओतल्यासारखं झालं.

उपाय सोपा आहे. मेलेल्या भागावर तेल पातळ चोळायचं, दहा मिनिटं थांबायचं आणि सुती कापडाने जवळजवळ सगळं पुसून घ्यायचं. तेल साचू द्यायचं नाही, साचलं की तिथे पुढे पिवळा डाग पडतो. मग त्या ओलसर पृष्ठभागावर पुढचं काम सुरू केलं की खालचा खरा रंग डोळ्यांसमोर असतो आणि अंदाज चुकत नाही.

पण तेल प्यायलं कोणी? बहुतेक वेळा कॅनव्हासनेच. बाजारातल्या स्वस्त तयार कॅनव्हासवरचं अस्तर फार शोषणारं असतं. कोऱ्या कॅनव्हासच्या कोपऱ्यावर तेलाचा थेंब टाकून बघा. तो लगेच जिरून डाग पसरला, तर वरून जेसोचे, म्हणजे अस्तराच्या पांढऱ्या रंगाचे, आणखी दोन पातळ हात द्या आणि वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर मारा. दुसरा गुन्हेगार टर्पेंटाइन. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रंग पॅलेटवर लवकर आळतो, म्हणून आपण त्यात टर्पेंटाइन ओतत जातो. ते उडून जातं आणि मागे रंगाला धरून ठेवायला तेल उरत नाही. पहिला थर टर्पेंटाइनने पातळ चालतो, चालायलाच हवा. नंतरच्या प्रत्येक थरात तेलाचं प्रमाण खालच्यापेक्षा किंचित जास्त ठेवायचं. उलटं केलं तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा नंतर आकसतो आणि भेगा पडतात.

तेलाविषयी एक कबुली. विदर्भात जवस घरोघरी. चटणी रोजची, तेलही घाण्याचं मिळतं. मी म्हटलं, कला दुकानातल्या इवल्याशा बाटलीला एवढे पैसे कशाला द्यायचे, तेल तर तेच. स्वयंपाकघरातलं तेल रंगात घातलं. आभाळ आठवडाभर चिकट राहिलं, कूलरने उडवलेली सगळी धूळ त्यावर येऊन बसली आणि महिन्याभरात त्या ढगांना कावीळ झाली. घाण्याच्या तेलात बियांतला चिकट अंश राहतो. चित्रासाठीचं तेल तो काढून शुद्ध केलेलं असतं. हार्डवेअरच्या दुकानातलं उकळलेलं जवसाचं तेल फर्निचरसाठी असतं, तेही चित्रात नको. चटणी मात्र घरचीच बरी.

तेल पुसलेल्या चिंध्यांचं इथेच सांगून टाकतो, कारण हे कोणी सांगत नाही. जवसाचं तेल उडून जाऊन वाळत नाही. हवेतला प्राणवायू शोषून ते घट्ट होतं आणि त्या क्रियेत उष्णता निघते. तेलाच्या चिंध्या बोळा करून बादलीत टाकल्या तर आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि त्या आपोआप पेटू शकतात. ४५ अंशांच्या गावात, बंद बाल्कनीत, ही गंमत नाही. चिंध्या दोरीवर एकेक पसरून वाळवा, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका.

ओलं असतानाच गढूळ होतं तेव्हा

उरलेल्या चार चित्रांत तेल चोळून काहीच फरक पडला नाही. म्हणजे चहा पॅलेटवरच उकळला होता.

इथे मास्तरांनी पहिल्यांदा रंगाला हातच लावू दिला नाही. “मोबाइलमध्ये फोटो काढ. आता त्यातला रंग काढून टाक.” कृष्णधवल फोटो बघितला आणि मला घाम फुटला. दूरची झाडी, पाणी आणि अलीकडचा काठ, तिघंही एकाच राखाडीत. रंग वेगळे होते, उजेड एकच होता. आणि डोळा आधी उजेड वाचतो. दोन रंग कितीही वेगळे असले आणि त्यांचा गडदपणा सारखा असला, तर लांबून ते एकमेकांत मिसळून गाळ दिसतात. मी त्यांना वेगळं करायला आणखी रंग घालत होतो. घालायला हवा होता तो उजेड आणि अंधार.

यावर एक साधा हिशोब आहे. अमेरिकन निसर्गचित्रकार जॉन कार्लसन यांनी तो मांडला होता. उघड्या दिवसाच्या उजेडात सगळ्यात उजळ आभाळ, कारण उजेड येतो तिथून. मग सपाट जमीन, कारण आभाळाचा उजेड तिच्यावर थेट पडतो. त्यानंतर टेकड्यांचे उतार. आणि सगळ्यात गडद उभ्या गोष्टी, म्हणजे झाडं. अपवाद आहेत. बर्फ असेल, पांढरी भिंत असेल तर हिशोब बदलतो. रामटेकचं पांढरं मंदिर उन्हात आभाळापेक्षा उजळ दिसतंच. पण मधेच भान सुटलं की ही पायरी आठवायची. मी आता कॅनव्हासला हात लावण्याआधी वहीत काडेपेटीएवढ्या चौकोनात फक्त तीन छटांत तेच दृश्य काढतो. पाच मिनिटं लागतात. ते चौकोन जमले नाहीत तर रंग उघडत नाही. त्या दिवशी भुट्टा खाऊन परत येतो.

डोळे बारीक करून बघायचा सल्ला सगळे देतात आणि तो खराच आहे. त्याहून सोपं म्हणजे बंद मोबाइलच्या काळ्या काचेत दृश्याचं प्रतिबिंब बघणं. बारीक तपशील गळतात, मोठे गडद-उजळ आकार उरतात. जुने युरोपीय चित्रकार यासाठी खास काळा आरसा सोबत बाळगायचे. आपल्या खिशात तो आयताच आहे.

उजेडाचा हिशोब लागला तरी एका चित्रात गढूळपणा उरलाच. मग ट्यूब उलट्या करून पाठीमागची बारीक अक्षरं वाचली. हे काम चष्मा लावून एकदा तरी करा. बहुतेक चांगल्या ट्यूबवर रंगद्रव्याचा सांकेतिक क्रमांक असतो. अल्ट्रामरीन निळा म्हणजे पीबी २९, पिवळा ऑकर पीवाय ४२ किंवा ४३, टायटॅनियम पांढरा पीडब्ल्यू ६. एका ट्यूबवर एकच क्रमांक असेल तर आत एकच द्रव्य. पण माझ्या लाडक्या ‘सॅप ग्रीन’वर तीन क्रमांक निघाले. मी त्यात ‘नेपल्स यलो’ मिसळायचो, त्यात आणखी तीन. वर जरा मातकट करायला तपकिरी. मी समजत होतो तीन रंग मिसळतोय, प्रत्यक्षात सात मिसळत होतो. प्रत्येक द्रव्य उजेडातला आपापला वाटा गिळतं. सात जणांनी गिळल्यावर उरणार काय?

तेव्हापासून पेटी लहान केली. टायटॅनियम पांढरा, लेमन यलो, पिवळा ऑकर, तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना, लालसाठी अलिझरिनच्या जातीचा एक टिकाऊ रंग, अल्ट्रामरीन आणि आयव्हरी काळा. सात ट्यूब, शक्यतो प्रत्येकीत एकच द्रव्य. तयार हिरवा नाही. पहिले दोन आठवडे हात तुटल्यासारखं वाटलं. मग काळ्यात लेमन यलो मिसळला आणि समोर आपली बाभूळ उभी राहिली. आयव्हरी काळा पिवळ्याशी मिसळला की निळ्यासारखा वागतो, त्याचा धुळकट ऑलिव्ह हिरवा होतो. रस्त्याकडेचा मार्चमधला कडुनिंब, संत्र्याच्या पानाची सावलीतली बाजू, सगळं त्या घरातलं. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळला की सागाच्या खोडांचा, काळ्या ओल्या दगडांचा गडद रंग मिळतो. निळा वाढवला की थंड, सिएना वाढवला की उबदार. ट्यूबमधला सरळ काळा तिथे भोक पाडल्यासारखा दिसतो, हा नाही दिसत. इंग्लंडच्या कुरणांसाठी जमवलेले हिरवे आपल्या पठाराला लावायचे कशाला? इथला हिरवा वर्षातले आठ महिने अर्धा पिवळा, अर्धा राखाडी असतो.

माळ्यावरच्या जुन्या ट्यूबही फेकू नका. पिळल्यावर आधी तर्रीसारखं सुटं तेल वर येईल. ते कागदावर टिपून घ्या, खालचा रंग चांगला असतो. झाकण अडकलं असेल तर गरम पाण्यात मिनिटभर धरा. पक्कड लावली तर ट्यूब पिळवटून फाटते, अनुभवाचे बोल.

आता हाताच्या सवयी. गढूळपणाचा अर्धा कारखाना इथे आहे.

मी ब्रश रंगात बुडवायचो, लावायचो, लगेच दुसऱ्या रंगात बुडवायचो. मास्तरांनी डाव्या हातात जुना बनियन दिला. प्रत्येक फटक्यानंतर ब्रश पुसायचा, धुवायचा नाही. फक्त पुसायचा. उजळ रंगाचे ब्रश वेगळे, गडदाचे वेगळे, दिवसभर त्यांची जात बदलायची नाही. टर्पेंटाइनच्या बरण्या दोन. पहिलीत मळ सोडायचा, दुसरीत खंगाळायचा. रात्रभर ठेवल्यावर मळ तळाशी बसतो आणि वरचं स्वच्छ टर्पेंटाइन अलगद ओतून पुन्हा वापरता येतं. ब्रश धुवायला पेंटच्या दुकानातलं खनिज टर्पेंटाइन पुरतं, चांगलं कशाला घालवायचं. तळाचा गाळ मोरीत ओतू नका.

आणि ब्रश टेकल्यावर तो उचलायचा. हे लिहायला सोपं आहे. ओल्या रंगावर ओला रंग ठेवताना पहिला फटका वर बसतो. त्याच जागी दुसरा फटका मारला की खालचा रंग वर येऊन मिसळतो, तिसऱ्याला दोघांचा लगदा. माझा हात ‘घासायला’ शिकलेला. आपण लहानपणी भिंतीला चुना मारला तसा. यावर मी एक शिक्षा लावून घेतली: ब्रशभर रंग घ्यायचा, ठेवायचा, हात मागे. पसंत नसेल तर पॅलेट नाइफने तेवढाच खरवडून काढायचा, कापडाने पुसायचा आणि पुन्हा ठेवायचा. वरून दुरुस्ती नाही. पहिल्या दिवशी दोन तासांत अवघे चाळीसेक फटके झाले. पण चाळीसही दिसत होते!

इथे एक जुना किस्सा सांगायचा मोह आवरत नाही. पॅरिसच्या गोबेलँ या विणकामाच्या राजेशाही कारखान्यात मिशेल शेव्हरल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगाई विभागाचे प्रमुख होते. तक्रार आली की काळा धागा निळ्याच्या शेजारी विणला की मळकट दिसतो, रंगाईत खोट आहे. त्यांनी धागा तपासला. रंगाई चोख होती. दोष शेजाऱ्याचा होता. रंग शेजारच्या रंगाने बदलून दिसतो, हे त्यांनी पुढे १८३९ साली सविस्तर ग्रंथरूपात मांडलं. माझ्या पॅलेटवर एक तपकिरी राखाडी पडला होता, अगदी चहा. मी तो फेकणार होतो. मास्तरांनी तोच उचलून निळसर पाण्याच्या कडेला ठेवला आणि तिथे उन्हाने तापलेला मुरमाड काठ दिसायला लागला. तेव्हापासून ‘गढूळ रंग’ म्हणताना मी जरा अडखळतो. शेजारी कोण आहे, हे ठरलेलं नसलं की तो गाळ. ठरलं की तोच काठ.

खडू फासल्यासारखं

हे थोडक्यात. ऊन दाखवायचं म्हणून मी प्रत्येक रंगात पांढरा घालत होतो. टायटॅनियम पांढरा जबरदस्त झाकणारा आहे आणि स्वभावाने थंड. तो पडला की रंग उजळतो, पण त्याच वेळी फिका आणि थंडही होतो. उन्हातला हिरवा उजळ करायचा तर आधी पिवळा घालून बघायचा, पांढरा शेवटी आणि चिमूटभर. उन्हातली माती उजळ करायला ऑकर. सावलीत पांढरा शक्यतो नाहीच. सावल्या पातळ आणि पारदर्शक राहू द्यायच्या, जाड रंग उजेडाच्या जागी चढवायचा. झिंक पांढरा मऊ असतो आणि रंग लवकर मारत नाही, म्हणून मोह होतो. पण तेलात तो वर्षांनी ठिसूळ होतो, त्याचे जाड थर नकोत.

माझी एक खूण आहे. पॅलेटवर आयव्हरी काळा आणि टायटॅनियम पांढरा सोडून सगळे ढीग कधीतरी दुधाळ दिसायला लागतात. त्या क्षणी पॅलेट खरवडायची आणि नव्याने रंग काढायचे. रंग वाया जातो, जीव तुटतो. कॅनव्हास त्याहून महाग आहे.

आणि जिथे दोष तुमचा नाहीच

हे सगळं करून मेमध्ये पुन्हा फुटाळ्यावर गेलो. सकाळी अकराला. कारण रविवारी त्याआधी घरातून निसटता येत नाही. पुन्हा सपाट, पुन्हा फिकट. आता तर तिन्ही तपासण्या पास होत्या.

मास्तर हसले. “अकरा वाजता मेमध्ये तिथे रंग होताच कुठे बे?”

नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर. मेच्या शेवटच्या आठवड्यात, नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू होतो त्याच सुमारास, सूर्य भरदुपारी नेमका डोक्यावर येतो आणि खांबाची सावली खांबाच्या पायाशीच संपते. सावली नाही म्हणजे आकाराला बाजू नाही. झाडाचा गोल उरत नाही, उताराचा उतार उरत नाही. वर हवेत धूळ. धुळीतून पलीकडची झाडी खरोखरच फिकट राखाडी दिसते. असलेलं दृश्य मी प्रामाणिकपणे उतरवलं होतं आणि स्वतःलाच शिव्या देत होतो. अशा वेळी वेळ बदलायची. सकाळी साडेसहा ते आठ, किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर. दीड तासाच्या वर एका बैठकीत थांबायचं नाही, कारण सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो. दोन तासांनी तुम्ही काढत असता ते दुसरं दृश्य, पण काढता पहिल्यावरच. सावल्यांच्या जागा पहिल्या दहा मिनिटांत पक्क्या करायच्या आणि पुढे सूर्याने काहीही केलं तरी त्या हलवायच्या नाहीत. माझ्या दुसऱ्या तासातल्या चहाचं एक मोठं कारण हेच निघालं. मी दोन वेगवेगळ्या वेळा एकाच कॅनव्हासवर घोटत होतो.

मी कुरकुरलो की आपल्याकडचा उजेडच असा, कोकणात कसं सगळं लख्ख दिसतं. त्यावर मास्तर चिडले. “चित्रकार रझा याच गावच्या आर्ट स्कूलमध्ये शिकले, १९३९ ते ४३. आज सगळ्यांना त्यांच्या चित्रांतला बिंदू आठवतो, सुरुवात निसर्गचित्रांनी होती. चित्रकार गायतोंडे १९२४ साली इथेच जन्मले. आणि तुला इथल्या उजेडात रंग दिसत नाही?” मी गप्प. पळस फुलतो तेव्हा, फेब्रुवारी-मार्चमध्ये, या, असं म्हणायचं होतं त्यांना बहुतेक. पण ते म्हणाले वेगळंच: “मेचा करडा काढ. फक्त करडा. पण तीन करडे एकमेकांपासून वेगळे दिसले पाहिजेत.”

तीन रविवार त्यात गेले. आभाळाचा करडा ऑकरकडे झुकलेला, कारण धूळ. लांबच्या झाडीचा निळसर. पाण्याचा दोघांच्या मधला, आभाळाहून थोडा गडद. सगळे याच सात ट्यूबमधून, प्रत्येक मिश्रणात पांढरा धरून तीनच रंग. अलीकडच्या काठावर एका बाईंच्या साडीचा केशरी ठिपका. तो ठेवला आणि हात मागे घेतला. कृष्णधवल फोटो काढला, तिन्ही पट्टे वेगळे होते.

हे चित्र कपाटात ठेवलेलं नाही. जवसाच्या तेलाचे रंग अंधारात पिवळे पडतात, म्हणून हॉलमध्ये, थेट ऊन येणार नाही अशा उजेडाच्या भिंतीवर सुकतंय. शेवटचं व्हार्निश सहा महिन्यांआधी देणार नाही, वरून कोरडं दिसलं तरी आतून तेल अजून घट्ट होत असतं. पावसाळ्यात कॅनव्हास ढिला पडेल, तेव्हा मागच्या पाचरी हलकेच ठोकाव्या लागतील. मागची बाजू भिंतीला चिकटू नये म्हणून खाली दोन बुचं लावली आहेत, नाहीतर बुरशी येते.

लेकीने काल बघितलं. चहा म्हणाली नाही. “पाण्यात झाडांची सावली जास्तच काळी झालीय,” एवढं बोलून मोबाइलमध्ये शिरली. तिचं बरोबर आहे. गडद वस्तूचं प्रतिबिंब वस्तूपेक्षा थोडं उजळ येतं, उजळाचं थोडं गडद. मला हे माहीत होतं, तरी हात जुन्याच सवयीने गेला. रविवारी पहाटे सहाला निघतोय, या वेळी फक्त पाणी.